नव्या सिस्टरची पाठराखीण

दोन वर्षांपूर्वी आईच्या ऑपरेशनच्या वेळी मी अकरा दिवस एका हॉस्पिटलच्या सर्जरी वॉर्डात तिच्या उशाशी होते. तिसऱ्या दिवशी सलाइन लावलेली जागा सुजली, म्हणून नवी सुई लावायला एक सिस्टर आली. बावीस-तेवीस वर्षांची असेल. गळ्यातली ओळखपत्राची दोरी अजून कोरी करकरीत होती. तिनं आईच्या दंडाला पट्टा बांधला, मनगटाजवळ बोटानं चाचपून पाहिलं, निळी बारीक कॅन्युला काढली आणि टोचली. रक्त आलं नाही. दुसरीकडे टोचली. शीर फुटून तिथे काळंनिळं झालं. शेजारच्या खाटेवरच्या बाईंचे यजमान म्हणाले, ‘‘अहो, मोठ्या सिस्टरना बोलवा. ही नवीन दिसतेय.’’ मुलीचे कान लाल झाले. मोठ्या सिस्टर आल्या. त्यांनी आईचा हात खाटेच्या खाली लोंबता सोडायला लावला, अर्धं मिनिट थांबल्या, आणि एकाच टोचण्यात काम झालं.

दुपारी ती मुलगी जिन्याजवळच्या नळावर तोंड धुताना दिसली. मी जवळ गेले तेव्हा म्हणाली, ‘‘ताई, कॉलेजात सगळ्या म्हणायच्या, तुझ्या हाताला यश आहे. परीक्षेत पहिल्या फटक्यात लावली होती मी. इथे आल्यापासून मला काहीच येत नाही असं वाटतंय.’’

तीन-चार वर्षं शिकून, परीक्षा देऊन, नाव नोंदवून आलेल्या मुलीला पहिल्याच महिन्यात असं का वाटावं? तिला खरंच येत नसतं का? तेव्हापासून या प्रश्नाच्या मागे लागून मी जे वाचलं, परिचारिकांशी बोलून जे समजून घेतलं, ते इथे मांडते आहे. कारण या प्रश्नाचं उत्तर त्या मुलीइतकंच खाटेवर झोपलेल्या माणसाच्याही कामाचं आहे.

परक्या स्वयंपाकघरात पंगत

समजा, तुमच्या हातची पुरणपोळी अख्ख्या गल्लीत नावाजलेली आहे. उद्या कुणी तुम्हाला अनोळखी घरी नेलं आणि सांगितलं, बाराला पंगत बसेल, वीस पानं आहेत. हळदीचा डबा कुठल्या फळीवर, शेगडी उजवीकडची मोठी की डावीकडची, पुरणयंत्र आहे की पाटा, काही ठाऊक नाही. त्यातच एक आजोबा पथ्याचं मागतायत, पोरं पाणी मागतायत आणि घरची मोठी बाई दारात उभी राहून बघतेय. पोळी फाटेल. पोळी येत असूनही फाटेल.

नव्या नर्सचं हेच होतं. जीएनएमची तीन वर्षं किंवा बीएस्सी नर्सिंगची चार वर्षं ती वॉर्डात जातच असते. पण विद्यार्थिनी म्हणून तिच्याकडे मोजके रुग्ण असतात, अडलं तर विचारायला ट्यूटर असतात, हाताशी वेळ असतो. २०२१ मध्ये आलेल्या बीएस्सीच्या नव्या अभ्यासक्रमात शेवटचं सत्र इंटर्नशिपसाठी ठेवलं आहे, ही चांगलीच गोष्ट झाली. तरी इंटर्न ती इंटर्न. महाराष्ट्र परिचर्या परिषदेत नाव नोंदवून ती स्टाफ म्हणून रुजू होते, त्या सकाळपासून केस पेपरवरची सही तिची असते. औषध दिलं तर तिची सही, दिलं नाही तर का दिलं नाही याची नोंदही तिची.

आणि कुठल्याही पुस्तकात नसलेल्या शंभर गोष्टी तिला त्याच आठवड्यात कळाव्या लागतात. रक्तपेढीचा फॉर्म कुठल्या खणात, ऑक्सिजन सिलिंडरची चावी कुणाकडे, औषधांचं इंडेंट किती वाजेपर्यंत पाठवायचं, रात्री कुठल्या नंबरवर फोन केला की डॉक्टर उचलतात, एक्स-रेला न्यायला वॉर्डबॉय मिळाला नाही तर कुणाला सांगायचं. जुन्या नर्सला हे सगळं श्वास घेण्याइतकं सहज असतं. नवीला प्रत्येक गोष्ट शोधावी लागते, आणि प्रत्येक शोधाला डोक्यातली थोडी जागा लागते.

डोक्यातला ओटा

ही जागा म्हणजे नक्की काय, ते नीट समजून घेऊ. माणसाच्या डोक्यात दोन जागा आहेत असं धरा. एक मोठं फडताळ. शिकलेलं, पाठ केलेलं, अनुभवलेलं सगळं तिथे वर्षानुवर्षं राहतं. दुसरी जागा म्हणजे स्वयंपाकघरातला ओटा. या क्षणी ज्याच्यावर काम चाललंय तेवढंच ओट्यावर मांडता येतं. मानसशास्त्रात तिला कार्यस्मृती म्हणतात. फडताळ कितीही मोठं असो, ओटा सगळ्यांचाच लहान असतो. नेल्सन कोवन या मानसशास्त्रज्ञानं २००१ मध्ये मांडलं की एका वेळी साधारण चारच गोष्टी त्यावर मावतात.

मग अनुभवी माणूस दहा कामं एकदम कशी करतो? त्याचा ओटा मोठा झालेला नसतो. सरावानं काही कामांना ओटा लागेनासाच होतो. दुचाकी शिकताना क्लच, गिअर आणि ब्रेक या तिघांनीच डोकं भरून जायचं, शेजारून कोण गेलं ते दिसायचं नाही. आता गिअर आपोआप पडतो आणि नजर रस्त्यावर मोकळी राहते.

वॉर्डातलं उदाहरण घेऊ. डॉक्टरांनी लिहिलंय, ५०० मिलिलिटर सलाइन आठ तासांत द्या. सेट असा आहे की एका मिलिलिटरला २० थेंब पडतात. म्हणजे एकूण १०,००० थेंब, ४८० मिनिटांत. मिनिटाला साधारण २१. नवी नर्स हे तळहातावर पेनानं मांडते, मग घड्याळ धरून थेंब मोजते. तेवढ्यात तिचा ओटा भरलेला असतो. पंधरा वर्षं काढलेली नर्स चाक फिरवते, थेंबांची लय नजरेनं धरते, घड्याळाशी ताडून घेते, आणि ते करता करता ‘‘आजी, सकाळपासून लघवीला झाली का?’’ असं विचारते. त्या प्रश्नातून तिला आजींच्या मूत्रपिंडांची खबर मिळते. नवीला हा प्रश्न माहीत असतो, पेपरात तिनं तो लिहिलेलाही असतो. पण त्या क्षणी तो मांडायला ओट्यावर जागा नसते.

पॅट्रिशिया बेनर या अमेरिकी परिचारिकेनं १९८४ मध्ये याच विषयावर पुस्तक लिहिलं. नवशिकेपणापासून तज्ज्ञतेपर्यंत नर्स पाच पायऱ्या चढते, असं त्यात त्यांनी दाखवलं. मूळ कल्पना ह्यूबर्ट आणि स्टुअर्ट ड्रेफस या भावांची. वैमानिक आणि बुद्धिबळपटू कसे शिकतात हे त्यांनी तपासलं होतं. बेनर यांच्या मांडणीनुसार नुकतीच पास झालेली नर्स दुसऱ्या पायरीवर असते. तिसरी पायरी म्हणजे ‘सक्षम’. तिथे पोहोचायला त्याच किंवा तशाच कामात दोन-तीन वर्षं जातात. त्याच किंवा तशाच, हे शब्द महत्त्वाचे. कारण मुरलेली नर्सही अगदी अनोळखी विभागात गेली की पुन्हा पहिल्या पायऱ्यांवर येते. असं असताना जिथे माणूस कमी तिथे नव्या मुलीला धाडायचं, आज मेडिसिन, परवा ऑर्थो, पुढच्या आठवड्यात कॅज्युअल्टी, ही पद्धत मला घातक वाटते. दर वेळी तिचं स्वयंपाकघर बदलतं आणि कुठलंच काम हातात मुरत नाही.

नाडी आधी, दाब नंतर

ओटा मोकळा असण्याचा रुग्णाला काय फायदा, ते एका प्रसंगातून पाहा. पोटाचं ऑपरेशन झालेला चाळिशीचा माणूस. संध्याकाळी नाडी ८४, रक्तदाब १२०/८०. दोन तासांनी नाडी १०४, दाब ११८/८०. आणखी तासाभरानं नाडी ११८, दाब ११०/७६. नवी नर्स तक्त्यात आकडे भरते, दाब ठीक आहे म्हणून पुढच्या खाटेकडे वळते. जुनी नर्स खाटेपाशी थबकते. माणूस अस्वस्थ आहे, सारखा कूस बदलतोय, पाणी मागतोय, हात गार लागतायत. ती लगेच फोन उचलते.

तिला काय दिसलं? सोसायटीच्या गच्चीवरच्या टाकीतलं पाणी कमी होऊ लागलं, पण पंप जोरात चालवला आणि काही नळ बारीक केले, तर तुमच्या घरातली धार बराच वेळ तशीच राहते. टाकी रिकामी होतेय हे धारेवरून कळत नाही, पंपाच्या आवाजावरून कळतं. पोटात रक्तस्राव होऊ लागला की शरीर हेच करतं. हृदय जोरात धावतं, म्हणून नाडी वाढते. कातडीच्या रक्तवाहिन्या आकसतात, म्हणून हात गार पडतात. एवढं करून शरीर दाब सांभाळून ठेवतं. दाब घसरायला लागतो तेव्हा बराच उशीर झालेला असतो. नाडी, तहान, गार हात आणि अस्वस्थपणा ही चार टोकं एकाच दोऱ्याची आहेत हे जुनीला दिसतं. नवीला चार वेगवेगळे आकडे आणि तक्रारी दिसतात.

हे पाहणं पुस्तकानं येत नाही. कुणीतरी त्याच खाटेपाशी उभं राहून ‘‘हात लावून बघ. गार आहे ना? आता मागचे तीन आकडे वाच,’’ असं म्हणावं लागतं.

नव्याचे नऊ दिवस

शरीरानं दमणं वेगळं आणि मनानं हादरणं वेगळं. या हादऱ्यावर १९७४ मध्ये मार्लीन क्रेमर या अमेरिकी संशोधिकेनं पुस्तक लिहिलं. तिनं त्याला वास्तवाचा धक्का म्हटलं. कॉलेजात शिकवलेलं नर्सिंग आणि वॉर्डात चालणारं नर्सिंग यांच्यात जी दरी असते, तिच्यात नवी नर्स पडते. सुरुवातीला नव्याचे नऊ दिवस असतात: पहिला पगार, आईबाबांना पाठवलेला गणवेशातला फोटो, ‘सिस्टर’ अशी पहिली हाक. मग धक्का. प्रत्येक रुग्णाशी बोला, त्याचं ऐकून घ्या, असं शिकलेली मुलगी पाहते की पाळी संपेपर्यंत औषधं आणि नोंदी झाल्या तरी नशीब. हळूहळू ती सावरते, स्वतःचा मार्ग काढते. किंवा सावरत नाही, आणि नोकरी सोडते. कधी नर्सिंगच सोडते. पुढे कॅनडाच्या ज्युडी डक्स्चर यांनी २००९ मध्ये पहिल्या काही महिन्यांतला हा धक्का आणखी बारकाईनं मांडला.

मला यातली सगळ्यांत मोलाची गोष्ट ही वाटते की हा धक्का ठरलेला आहे. पावसाळ्यात नदीला पूर येतो तसा. तो जिला येतो तिला वाटतं, दोष माझा आहे. त्या नळापाशी उभ्या असलेल्या मुलीला कुणी आधीच सांगितलं असतं की पहिल्या काही महिन्यांत तुला असं वाटणार आहे, सगळ्यांना वाटतं, मोठ्या सिस्टरनाही वाटलं होतं, तर तिचं अर्धं ओझं तिथेच उतरलं असतं.

कळ, ठणका, चमक

एक अडचण आपल्या इथली खास आहे. पुण्या-मुंबईच्या अनेक हॉस्पिटलांत केरळहून आलेल्या मुली काम करतात. त्यांच्यासमोर बीडचे आजोबा म्हणतात, ‘‘कसंतरी होतंय.’’ किंवा पोटात मुरडा येतोय, कमरेत चमक भरलीय, जखमेत ठणका लागलाय, लघवीला आग होतेय, छातीत धडधडतंय. मराठीत प्रत्येक दुखण्याला वेगळा शब्द आहे, आणि त्या शब्दातच निम्मं निदान असतं. ठणका म्हणजे बहुतेकदा पू धरतोय. कळ येऊन जाते, ठणका राहतो. नव्या मुलीच्या कानाला हे सगळं फक्त ‘दुखतंय’ म्हणून ऐकू येतं, आणि नोंदीत ‘पेन’ एवढाच शब्द जातो. लातूरची मुलगी मुंबईत गेली की हिंदी-गुजराती बोलणाऱ्या रुग्णांसमोर तिची हीच गत होते. दुखण्याच्या तीस-चाळीस शब्दांची एक यादी प्रत्येक वॉर्डानं करून भिंतीवर लावावी. खर्च एका कागदाचा आहे.

औषधाची ट्रॉली

रात्री नऊच्या औषधांची वेळ. एकदा मी आईच्या खाटेवरून मोजलं. ट्रॉली पहिल्या खाटेपासून नवव्या खाटेपर्यंत येईतो त्याच नव्या सिस्टरला सात वेळा हाक आली. सलाइन संपलंय, बेडपॅन द्या, पंखा वाढवा, डॉक्टर कधी येणार, फोन वाजतोय, चादर ओली झालीय, आणि एक माझी. आईची उशी हवी होती.

प्रत्येक हाकेनं ओट्यावरचं सगळं उचललं जातं आणि परत आल्यावर पुन्हा मांडावं लागतं. मांडताना एखादी वस्तू राहून जाते. सिडनीच्या दोन हॉस्पिटलांत जोहाना वेस्टब्रुक आणि सहकाऱ्यांनी ९८ परिचारिकांच्या मागे उभं राहून हे मोजलं. २०१० मध्ये तो अभ्यास छापून आला. औषध देण्याच्या निम्म्याहून अधिक वेळा मध्येच व्यत्यय आला होता. प्रत्येक व्यत्ययासरशी चुकांचं प्रमाण सुमारे १२ टक्क्यांनी वाढत होतं. एकही व्यत्यय नसताना गंभीर चुकीची शक्यता २.३ टक्के होती, चार व्यत्यय आले की ती ४.७ टक्क्यांवर जात होती. म्हणजे दुप्पट.

गंभीर चूक किती छोट्या गोष्टीतून होते, ते इन्सुलिनवरून कळेल. आपल्याकडे इन्सुलिनच्या कुप्या दोन तीव्रतेच्या मिळतात. एका मिलिलिटरमध्ये ४० युनिट असलेली आणि १०० युनिट असलेली. सिरिंजही त्यानुसार दोन: ४०ची लाल टोपीची, १००ची नारिंगी टोपीची. कुपी १००ची आणि सिरिंज ४०ची अशी गल्लत झाली, तर २० युनिटच्या जागी ५० युनिट अंगात जातात. रात्री गाढ झोपलेल्या माणसाची साखर त्यामुळे इतकी उतरू शकते की तो पहाटे जागाच होणार नाही. लाल आणि नारिंगी. मंद दिव्यात, बारा तासांच्या नाइटमध्ये, मागून कुणीतरी हाक मारत असताना. अनेक रुग्णालयांत मॉर्निंग आणि ईव्हनिंग सहा-सहा तासांची, पण नाइट रात्री आठ ते सकाळी आठ असते. पहाटे तीन ते पाच या वेळात शरीराचं तापमान आणि सावधपणा दोन्ही तळाला जातात. ती वेळ निभावायचं तंत्र जुन्यांनी कमावलेलं असतं. नव्यांना ते कुणी शिकवत नाही.

चौकट: डॉक्टरांना फोन, चार वाक्यांत

रात्री दोनला डॉक्टरांना उठवायचं म्हटलं की नव्या नर्सच्या पोटात गोळा येतो. काय बोलू, रागावले तर, किरकोळ निघालं तर? यावर ‘एसबार’ नावाची साधी पद्धत आहे. ती अमेरिकी नौदलाच्या पाणबुड्यांतून दवाखान्यांत आली. चार प्रश्नांची चार उत्तरं:

आत्ता काय चाललंय? — ‘‘सर, सर्जरी वॉर्डमधून बोलतेय. बारा नंबरच्या खाटेवरच्या पेशंटची नाडी ११८ आहे, हात गार आहेत.’’

आधी काय झालंय? — ‘‘आज दुपारी पोटाचं ऑपरेशन झालंय. संध्याकाळी नाडी ८४ होती.’’

मला काय वाटतं? — ‘‘आत रक्तस्राव होत असावा अशी शंका येतेय.’’

मला काय हवंय? — ‘‘आपण आत्ता येऊन बघावं. तोपर्यंत काय सुरू करू?’’

तिसरं आणि चौथं वाक्य बोलणं नव्यांना सगळ्यांत जड जातं. म्हणून ते आधी आपसांत बोलून सराव करायचा असतो.

जिथे चुका जास्त, तो वॉर्ड चांगला?

आता एक कोडं. १९९०च्या दशकात एमी एडमंडसन या संशोधक हॉस्पिटलमधल्या नर्सिंगच्या तुकड्यांचा अभ्यास करत होत्या. ज्या तुकडीत आपसांत चांगलं जमतं तिथे औषधांच्या चुका कमी असतील, असा त्यांचा अंदाज होता. आकडे हाती आले तर नेमकं उलटं. चांगल्या तुकड्यांत चुका जास्त! खोलात गेल्यावर उलगडा झाला. तिथे चुका जास्त होत नव्हत्या, जास्त सांगितल्या जात होत्या. इन्चार्ज समजूतदार असल्यामुळे नर्स मोकळेपणी ‘‘माझ्याकडून असं झालं’’ म्हणत होत्या आणि चूक रुग्णापर्यंत जाण्याआधीच पकडली जात होती. बाकीच्या तुकड्यांत त्याच चुका होत होत्या, फक्त दडत होत्या. १९९६ मध्ये हा अभ्यास प्रसिद्ध झाला.

नव्या नर्ससाठी याचा अर्थ फार सरळ आहे. लाल टोपी की नारिंगी, ही शंका तिला येतेच. ती शेजारच्या सीनियरला विचारेल की नाही, हे त्या वॉर्डात पूर्वी विचारणाऱ्याचं काय झालं त्यावर ठरतं. ‘‘एवढंही येत नाही? काय शिकवलं तुमच्या कॉलेजात?’’ हे वाक्य एकदा चारचौघांत ऐकलेली मुलगी पुढच्या वेळी विचारत नाही. अंदाजानं करते. ते वाक्य बोलणारी बाई वाईट असते असं मी म्हणणार नाही. बहुतेक वेळा तीही तशाच बोलण्यातून तयार झालेली असते, आणि तिच्याही हाताखाली माणसं कमी असतात. पण त्या वाक्याची किंमत तिसऱ्याच माणसाला मोजावी लागते. तो खाटेवर झोपलेला असतो.

पाठराखीण

आपल्याकडे लग्नानंतर मुलीबरोबर सासरी पाठराखीण जायची रीत होती. धाकटी बहीण, आत्या, कुणीतरी आपलं माणूस. नवं घर अंगवळणी पडेपर्यंत तिनं सोबत राहायचं. शंका विचारायला, घास खाल्ला का बघायला, रात्री उशाशी बोलायला. सासरचे चार लोक कितीही चांगले असले तरी पहिल्या दिवसांत असं एक माणूस लागतं, हे आपल्या आज्यांना कळत होतं.

नव्या नर्सला आधार देण्याच्या ज्या पद्धती जगभर टिकल्या, त्यांच्या मुळाशी मला ही पाठराखीणच दिसते. ब्रिटनमध्ये तिला ‘प्रीसेप्टर’ म्हणतात: रुजू झाल्यापासून ठरावीक काळ नव्या नर्सला नेमून दिलेली एक अनुभवी नर्स. तिथल्या नर्सिंग आणि मिडवाइफरी परिषदेनं २०२० मध्ये याची तत्त्वं जाहीर केली. स्कॉटलंडनं २००६ पासून नव्यांसाठी ‘फ्लाइंग स्टार्ट’ कार्यक्रम सुरू केला. अमेरिकेत २००२ पासून वर्षभराचे नर्स रेसिडेन्सी कार्यक्रम उभे राहिले. तिथे नव्या नर्स दर महिन्याला एकत्र बसतात आणि अडलेल्या केस एकमेकींसमोर मांडतात.

नाव काहीही द्या, काम नीट होण्यासाठी काही गोष्टी लागतात. पाठराखीण नावानिशी ठरलेली हवी. ‘कुणालाही विचार’ असं सांगितलं की कुणालाच विचारलं जात नाही. पहिले काही आठवडे दोघींची पाळी एकच हवी. त्या काळात नवीला मोजणीत धरायचं नाही. म्हणजे वॉर्डात सहा नर्स लागत असतील तर ती सातवी. ती सहावी असेल तर तो आधार कागदावरच राहतो. पाठराखिणीकडचे रुग्णही थोडे कमी करायला हवेत, कारण शिकवणं हे कामच आहे. आणि जमेल तिथे नवीचं मूल्यमापन दुसऱ्या कुणीतरी करावं. गुण देणाऱ्याला कुणी खुळा प्रश्न विचारत नाही.

पाठराखिणीचं सगळ्यांत अवघड काम म्हणजे आपल्या हाताला आणि डोळ्याला जे कळतं ते तोंडानं बोलून दाखवणं. आईच्या वॉर्डातल्या मोठ्या सिस्टर हे करायच्या. त्या नळाच्या प्रसंगानंतर, दुसऱ्या दिवसापासून, त्यांनी त्या मुलीला स्वतःबरोबर ठेवलं. कुणी सांगितलं नव्हतं, तशी काही योजनाही नव्हती. एकदा आईपाशी उभ्या राहून म्हणाल्या, ‘‘अगं, म्हातारीची शीर आहे. पट्टा फार आवळलास तर सुई लागताच फुटते. हात खाली सोड, भरू दे तिला, घाई करू नकोस. मनगटापाशी दिसते ती हलते, वर चाचप, रबरासारखी लागेल ती धर.’’ नवव्या दिवशी आईची सुई पुन्हा बदलायची वेळ आली. त्या मुलीनं आईचा हात खाली सोडला, थांबली, बोट फिरवलं, आणि पहिल्या टोचण्यात लावली. शेजारच्या खाटेवरचे ते यजमान या वेळी काही बोलले नाहीत.

हिशेब

हे सगळं ऐकून कुठल्याही मेट्रन म्हणतील, माणसं द्या, मग पाठराखीण देते. त्यांचं खरं आहे. भारतीय परिचर्या परिषदेचा निकष सांगतो, अध्यापन रुग्णालयाच्या सर्वसाधारण वॉर्डात तीन रुग्णांमागे एक नर्स, इतर रुग्णालयांत पाच रुग्णांमागे एक. हे प्रमाण एकूण नेमणुकांचं धरलं आणि तीन पाळ्यांत वाटलं, तर एका पाळीत एका नर्सकडे नऊ किंवा पंधरा रुग्ण येतात. जागा रिकाम्या असतील तर त्याहून जास्त. युरोपातल्या नऊ देशांमधला लिंडा एकेन यांचा मोठा अभ्यास २०१४ मध्ये आला. नर्समागे एक रुग्ण वाढला की शस्त्रक्रियेच्या रुग्णाला दाखल झाल्यापासून ३० दिवसांत मृत्यू येण्याची शक्यता ७ टक्क्यांनी वाढलेली त्यात आढळली. अनोळखी घरात वीस पानांची पंगत सांभाळणाऱ्या मुलीला हा भार दुप्पट पडतो.

पगाराचंही तसंच. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशावरून नेमलेल्या केंद्रीय समितीनं २०१६ मध्ये शिफारस केली की ५० खाटांहून लहान खासगी रुग्णालयातही नर्सला महिना किमान २०,००० रुपये मिळावेत, आणि २०० खाटांच्या वरच्या रुग्णालयांत सरकारी नर्सइतके. ती शिफारसच होती, अंमल राज्यांवर सोपवला गेला. त्यात परदेशाची वाटही आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्रानं जर्मनीच्या बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला. आरोग्यसेवेतली माणसंही त्यात येतात. जाणाऱ्यांनी जरूर जावं. पण पहिल्या वर्षात कोलमडून इथली नोकरी सोडणारी मुलगी वेगळी. तिला आपण अडवू शकलो असतो.

 

माणसं वाढवणं सरकारच्या आणि मालकांच्या हातात आहे. पण एक गोष्ट आजपासून तुमच्या-माझ्या हातात आहे. तुम्ही कधी कुणाच्या उशाशी बसाल, तेव्हा औषधाची ट्रॉली समोर असताना सिस्टरला हाक मारू नका. उशी, पंखा, चादर पाच मिनिटं थांबू शकतात. ट्रॉली तुमच्या खाटेपाशी येईल, औषध देऊन, सही करून ती मान वर करेल. मग सांगा.